भाता कोण ओढणार?

वाचकहो, या पाक्षिकाच्या पानांवर मी आजवर रक्तदाब, गुडघेदुखी, निद्रानाश आणि बद्धकोष्ठ यांविषयी लिहीत आलो आहे. आज एका सायकलपटूविषयी लिहितो. तो फ्रेंच होता, १८८५ मध्ये जन्मला, १९७० मध्ये वारला, आणि ज्या शर्यतीसाठी तो ओळखला जातो ती त्याने एकदाही जिंकली नाही. त्याचे नाव यूजेन क्रिस्तोफ. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. गेल्या वर्षीपर्यंत मीही ऐकले नव्हते. अशा माणसाची कथा वृद्धांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी कशासाठी वाचावी, हा प्रश्न रास्त आहे. तिचा संबंध आमच्या घरातील एका पाण्याने भरलेल्या तांब्याशी आहे. त्या तांब्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल, तेवढी मुभा द्यावी.

गेल्या डिसेंबरात माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मागीलदारच्या ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. वय ८२. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातल्या जागरणासाठी माझ्या भाच्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिले. भाचा सायकलवेडा; पुस्तक अर्थातच टूर द फ्रान्सच्या इतिहासाचे. "मामा, झोप येणारच नाही तुम्हाला, तर हे तरी वाचा," एवढे म्हणून तो गेला. सायकलीत मला फारसे स्वारस्य नाही. पण अण्णांनी आयुष्यभर एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर म्हणून काम केले, आणि सायकलवरून केले. त्यामुळे त्यांच्या उशाशी बसून सायकलींचे पुस्तक वाचणे मला बरे वाटले.

क्रिस्तोफचा जन्म पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफ या गावचा. मूळचा तो कुलपे घडविणारा कारागीर. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे हीच कला त्याच्या कामी आली. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली आणि क्रिस्तोफ त्याच्या पुढच्याच वर्षी व्यावसायिक सायकलपटू झाला. त्या काळच्या शर्यतींची कल्पना आज करवत नाही. एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरचा. स्पर्धक मध्यरात्री किंवा पहाटेच्या अंधारात निघत. डोंगरातले रस्ते म्हणजे खडी आणि चिखल. गिअर बदलण्याची सोय नव्हती. घाट लागला की उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चक्रावर साखळी चढवायची. आणि या सगळ्यावर एक कडक नियम होता: सायकल मोडली तर ती ज्याची त्याने दुरुस्त करायची. कोणाचीही मदत घ्यायची नाही. टूरचे संस्थापक ऑन्री देग्रांज या बाबतीत कमालीचे कर्मठ होते. शर्यत हा माणसाच्या एकट्याच्या जिद्दीचा कस असावा, अशी त्यांची धारणा होती.

क्रिस्तोफचे नाव प्रथम गाजले ते इटलीतल्या मिलान ते सान रेमो या शर्यतीत. तारीख ३ एप्रिल १९१०. अंतर २९० किलोमीटरच्या आसपास. वास्तविक ही वसंतातली शर्यत, परंतु त्या दिवशी तुर्किनोच्या घाटात बर्फाचे वादळ होते. साठाहून अधिक स्पर्धक निघाले आणि अखेरच्या यादीत अवघी चार नावे उरली. घाटात क्रिस्तोफच्या पोटात कळा येऊ लागल्या, बोटे ताठरली, आणि एका क्षणी त्याला पाय उचलवेना. एका माणसाने त्याला जवळच्या खाणावळीत नेले. खाणावळवाल्याने त्याचे भिजलेले कपडे काढले, घोंगडी लपेटली आणि अंग चोळून ऊब आणली. काही वेळाने खिडकीतून दुसरे स्पर्धक जाताना दिसले, तसा हा गडी उसनी विजार चढवून पुन्हा सायकलवर बसला. यजमान नको म्हणत असताना. त्याने शर्यत जिंकली. दुसरा तासाभराने आला. वय होते २५. त्यानंतर महिनाभर तो रुग्णालयात होता, आणि प्रकृती पूर्ववत व्हायला दोन वर्षे लागली.

येथे वैद्य म्हणून दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गारठलेले अवयव जोराने चोळू नयेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. बधिर झालेल्या त्वचेला त्याने इजा होते. हिमदंश आपल्याकडे होत नाही, पण थंडी आपल्या वृद्धांना बाधते, आणि पुष्कळदा ती त्यांना जाणवतच नाही. वयाबरोबर अंगावरचे मांस कमी होते, शरीराची उष्णता निर्माण करण्याची शक्ती घटते, आणि गारठ्याची जाणीवही बोथट होते. आजी "मला नाही बाई थंडी वाजत" म्हणाल्या, तरी त्यांच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागले तर ती धोक्याची खूण समजावी. आणखी एक. मधुमेहाने ज्यांच्या पावलांना बधिरता आली आहे, त्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक परस्पर देऊ नका. दर हिवाळ्यात माझ्याकडे अशा भाजलेल्या पावलांचे चार-दोन रुग्ण येतात. शेकताना त्यांना काहीच कळलेले नसते.

असो. १९१२ च्या टूरमध्ये क्रिस्तोफने लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यांतल्या ग्रेनोब्लच्या टप्प्यावर तो ३१५ किलोमीटर एकटाच सर्वांच्या पुढे होता. त्या वर्षी निकाल वेळेवर न लावता गुणांवर लावत, आणि त्या हिशेबात तो ओदील दफ्रे या बेल्जियन स्पर्धकाच्या मागे दुसरा राहिला. पुढच्या वर्षी निकालाची पद्धत बदलली, पुन्हा वेळ मोजू लागले, आणि १९१३ हे वर्ष क्रिस्तोफचेच, असे पुष्कळांना वाटू लागले.

९ जुलै १९१३. बायोन ते लुशाँ, ३२६ किलोमीटर, पिरेनीज पर्वतातले सर्वांत अवघड घाट एकामागून एक. तुर्मालेच्या माथ्यावर क्रिस्तोफ दुसरा होता. दफ्रे पार मागे पडला होता आणि एकूण वेळेच्या हिशेबात क्रिस्तोफ अग्रस्थानी येण्याच्या बेतात होता. उतार सुरू झाला. काही अंतर गेल्यावर हँडल हातात वेगळेच लागू लागले. त्याने थांबून पाहिले तर पुढच्या चाकाचा फोर्क मोडला होता.

आजचा स्पर्धक हात वर करतो आणि मोटारीतून दुसरी सायकल येते. क्रिस्तोफला ती मुभा नव्हती. त्याने सायकल खांद्यावर टाकली, पुढचे चाक दुसऱ्या हातात घेतले आणि डोंगर उतरू लागला. ज्यांना त्याने घाटात मागे टाकले होते, ते एकेक करून त्याच्या शेजारून निघून गेले. आपण रडत होतो, असे त्याने पुढे सांगितले आहे. सुमारे १४ किलोमीटर चालल्यावर सेंत-मारी-द-कांपां हे खेडे लागले. तेथे एका लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीला तयार होता, पण शर्यतीचे अधिकारी पाठोपाठ आले होते, आणि नियम नियम होता. लोहाराने काय करायचे ते तोंडाने सांगावे. हात लावायचा तो क्रिस्तोफनेच.

तो कुलपे घडविणारा होता, म्हणून निदान हातोडा कसा धरावा हे त्याला ठाऊक होते. जवळजवळ तीन तास तो भट्टीपुढे होता. अधिकारी भोवती उभे राहून पाहत होते. त्यांतल्या एकाला भूक लागली आणि तो काही खायला जाऊ लागला, तेव्हा क्रिस्तोफने त्याला कोळसा खा म्हणून सुनावले, अशी आख्यायिका आहे. मला ती खरी वाटते. निदान मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हटले असते. अखेर फोर्क जुळला. पण काम करताना त्याचे दोन्ही हात गुंतले होते, आणि भट्टीला वारा तर हवा. तेव्हा तेथे असलेल्या सात वर्षांच्या एका पोराला त्याने भाता ओढायला सांगितले होते. अधिकाऱ्यांनी ते टिपून ठेवले. परक्याची मदत घेतली म्हणून क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला. दोन घाट अजून बाकी होते. तेही चढून तो लुशाँला पोहोचला तेव्हा त्याचे पावणेचार तासांहून अधिक वाया गेले होते. तरीही पॅरिसला तो सातवा आला. शर्यत फिलिप तीसने जिंकली.

मी हे वाचले तेव्हा अण्णा पलीकडच्या खाटेवर घोरत होते आणि मला क्रिस्तोफ अतिशय आवडला. ज्याचे त्याने करावे, दुसऱ्याचा हात लागू देऊ नये, यात मला फार मोठे काहीतरी दिसले. दोन दिवसांनी अण्णांना घरी आणले, आणि भिंतीवर मी एक तक्ता लावला. सकाळी किती पावले, दुपारी किती, खुर्चीतून किती वेळा उठायचे, सारे वेळेसह. घरच्यांना ताकीद दिली: "त्यांचं त्यांना करू द्या. सदऱ्याची बटणंसुद्धा त्यांनीच लावायची. आयतं दिलंत तर ते कायमचे खाटेला खिळतील."

वैद्यकीयदृष्ट्या यात चूक काहीच नव्हती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकरात लवकर उभे करावे, चालवावे, स्वतःची कामे करू द्यावीत, हे खरेच आहे. अंथरुणात पडून राहिलेल्या वृद्धाचे स्नायू किती झपाट्याने झिजतात हे मी अनेकांच्या घरी पाहिले आहे. अण्णांनी माझा तक्ता तंतोतंत पाळला. वॉकर घेऊन ते ओटीवर येरझारा घालीत आणि मी दवाखान्यातून आलो की कार्यशाळेतल्या साहेबाला हजेरी द्यावी तसे आकडे सांगत. मला अभिमान वाटे.

चोविसाव्या दिवशी त्यांनी माझ्या पत्नीला स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती आत्या जाऊन अकरा वर्षे झाली. संध्याकाळी त्यांनी हजेरीचे कार्ड मागितले. पाळीला उशीर होतो आहे म्हणाले. रात्री ते अंथरुणात चाचपडत राहिले. अंगात ताप म्हणण्यासारखा नव्हता. मी मनाशी म्हटले, वय झाले, मोठी शस्त्रक्रिया झाली, मेंदूवर परिणाम व्हायचाच. वाचकहो, एखाद्या रुग्णाच्या मुलाने हेच वाक्य मला ऐकविले असते तर मी त्याला खुर्चीत बसवून समजावले असते की वृद्ध माणूस एका दिवसात असा सैरभैर होत नसतो. झाला तर ते म्हातारपण समजू नये, कारण शोधावे. संसर्ग, पाण्याची कमतरता, रक्तातले सोडियम, नवी सुरू झालेली गोळी, तुंबलेली लघवी, साधे बद्धकोष्ठ, यांतले काहीही असू शकते. हे सारे मला पाठ होते. तरी स्वतःच्या बापाच्या बाबतीत मी दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी माझ्या एका फिजिशियन मित्राला बोलावले. त्याने तपासले, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, "रात्रीचं पाणी किती पितात?" मला सांगता येईना. दाराशी उभी असलेली पत्नी म्हणाली, "संध्याकाळच्या चहानंतर काहीच नाही. उशाशी तांब्या भरून ठेवते, तो सकाळी तसाच भरलेला असतो. मी ह्यांना एकदा म्हटलं होतं."

म्हटले होते खरे. मी दवाखान्यात निघालो होतो, आणि "थंडी आहे, तहान कमी लागते" असे म्हणून मी पायऱ्या उतरलो होतो.

उलगडा सोपा होता. रात्री लघवीला उठायचे म्हणजे अंधारात वॉकर घेऊन चौदा पावले. एकट्याने जायची भीती, आणि कोणाला उठवायचे तर तक्त्यात ते बसत नाही. यावर अण्णांनी फिटरला शोभेल असा उपाय काढला होता: पाणी आत गेलेच नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही. तीन आठवडे ते संध्याकाळनंतर कोरडे राहिले. मूत्रमार्गात संसर्ग झाला, शरीरातले पाणी घटले आणि मेंदू भरकटला. पुन्हा रुग्णालय, शिरेतून सलाईन, प्रतिजैविके. भान पूर्णपणे यायला नऊ दिवस लागले. मधल्या एका रात्री त्यांनी मला ओळखले नाही, आणि परक्या माणसाशी बोलावे तसे अदबीने विचारले, "साहेब, माझा मुलगा डॉक्टर आहे, त्याला कळवता का?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. पुस्तक पिशवीत होतेच.

क्रिस्तोफची पुढची कथा मी त्या रात्री वाचली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि चार वर्षे टूर बंद राहिली. फाबेर, लापीझ, पती-ब्रतों हे टूरचे तीन माजी विजेते त्या युद्धात गेले. १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा रस्ते उखडलेले होते आणि सायकली, टायर, कापड, सगळ्याचीच टंचाई होती. ६७ जण निघाले आणि यादीत शेवटी दहा उरले. क्रिस्तोफ तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि आघाडीवर होता. गर्दीत आघाडीचा स्पर्धक ओळखू यावा म्हणून देग्रांजांनी त्याला वेगळा सदरा द्यायचे ठरविले. त्यांच्या 'लोतो' या वृत्तपत्राचा कागद पिवळा, म्हणून सदराही पिवळा. १९ जुलै १९१९ रोजी ग्रेनोब्लला क्रिस्तोफच्या अंगावर तो चढला. आज जगभर ज्याची चर्चा होते तो पिवळा सदरा पहिल्यांदा घालणारा हा माणूस. त्याला स्वतःला तो आवडला नव्हता. वाटेत लोक पिवळा पक्षी म्हणून चिडवीत, अशी त्याची तक्रार होती.

शेवटून दुसरा टप्पा मेत्स ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. क्रिस्तोफकडे जवळपास अर्ध्या तासाची आघाडी होती. व्हालांसिएन्नजवळच्या फरसबंद रस्त्यावर त्याचा फोर्क पुन्हा मोडला. या वेळी जवळच कारखाना होता, पण दुरुस्ती त्यालाच करायची होती, आणि तासाहून अधिक वेळ गेला. शर्यत फिर्मां लांबोने जिंकली; क्रिस्तोफ तिसरा आला. तेव्हा मात्र फ्रान्समधल्या लोकांनी वर्गणी काढली. वृत्तपत्रात देणाऱ्यांची नावे दिवसामागून दिवस छापून येत होती. कोणी मोठी रक्कम दिली, कोणी चार-दोन फ्रँक. तेरा हजार फ्रँकांहून अधिक जमले. नियमाने ज्या माणसाला एका पोराचा भाता घेऊ दिला नव्हता, त्याला गावोगावच्या अनोळखी माणसांनी आपापल्या परीने हात लावला. हे वाचताना मी बराच वेळ त्या पानावर थांबलो.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९२० आणि १९२१ मध्ये त्याने बोर्दो ते पॅरिस ही प्रचंड लांबीची शर्यत जिंकली. १९२२ मध्ये, ३७ व्या वर्षी, पुन्हा काही दिवस त्याच्या अंगावर पिवळा सदरा होता, आणि गालिब्येच्या उतारावर तिसऱ्यांदा फोर्क मोडला. एका माणसाच्या वाट्याला तीनदा. शेवटची टूर त्याने १९२५ मध्ये, चाळिशीत केली. एकंदर अकरा वेळा तो त्या शर्यतीत उतरला आणि आठ वेळा ती पुरी केली. पुढे पायडलवर पाऊल घट्ट राहावे म्हणून लावायच्या कड्या आणि पट्टे त्याच्या नावाने विकले जात. जुन्या सायकलपटूंना ते नाव आजही ठाऊक असते. ८५ वर्षे जगला. सेंत-मारी-द-कांपांच्या त्या भट्टीच्या जागी आज त्याच्या नावाची पाटी आहे.

अण्णांचे भान परतल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्यांना ही गोष्ट सांगितली. काही बोलायला हवे होते आणि माफी मागायला मला जमत नव्हते. आमचे घराणे खटाव तालुक्यातल्या लोहारांचे. आजोबांची भट्टी मी लहानपणी पाहिली आहे. ऐरण अजून गावच्या घराच्या पडवीत आहे. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. फोर्क मोडला, चौदा किलोमीटर चालला, लोहाराने हात लावायचा नाही, इथपर्यंत ते गप्प होते. भात्याचा दंड आला तसे त्यांनी डोळे उघडले.

"दंड कशाचा?"

"मदत घेतली म्हणून."

"लोखंड तापवलंय का कधी त्यांनी?" अण्णा म्हणाले. "एका हातात सांडशी, एका हातात हातोडा. भात्याला तिसरा हात कुठनं आणायचा? वारा थांबला की लोखंड काळं पडतं, मग कितीबी घण घाल, सांधा धरत न्हाई. माझी आई जन्मभर भात्यावर बसली. म्हणून काय नांगराचा फाळ तिनं केला म्हणायचं? फाळ बापानंच केला." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या पोराला काय मिळालं?"

मला ठाऊक नव्हते. "काही नसेल मिळालं," मी म्हटले.

"मिळायला पायजे होतं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

वाचकहो, घरी आल्यावर मी तो तक्ता काढून टाकला नाही. चालणे आवश्यकच होते. पण त्याखाली पत्नीने आपल्या हाताने दुसरा तक्ता लावला. अण्णांच्या खाटेजवळ रात्रीचे लघवीचे भांडे ठेवले. मधल्या वाटेवर मंद दिवा लावला. पाण्याचा मोठा भाग दुपारी चारपर्यंत पोटात जाईल असे पाहू लागलो, आणि त्यानंतर घोट घोट, पण बंद नाही. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. अण्णांना तशी बंधने नाहीत. वृद्धांची तहान वयाबरोबर मंदावते, त्यामुळे "तहान लागली का" असे विचारून उपयोग नसतो. पेला भरून हातात द्यावा. तसेच "काही हवंय का?" या प्रश्नाला मानी माणूस "नको" असेच उत्तर देतो, त्यापेक्षा ठराविक वेळी जाऊन "चला, जाऊन येऊ" म्हणावे. अण्णा वॉकरने चालतात तेव्हा माझी मुलगी शस्त्रक्रियेच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे चालते. धरत नाही. बटणे अण्णाच लावतात, फक्त गळ्याजवळचे सोडून. ते त्यांच्या बोटांना जमत नाही आणि त्यावर दहा मिनिटे झगडण्यात कोणाचेही हित नाही. आंघोळ ते करतात, पाणी आम्ही काढून देतो.

आणि ज्या घरात एकच बाई भात्यावर बसलेली आहे, त्या घराविषयीही मला लिहिले पाहिजे. त्या चोवीस दिवसांत माझी पत्नी रात्री तीन-तीनदा उठून अण्णांच्या दारापाशी कान देऊन परत येत होती, कारण आत जाऊन मदत करायची नाही असा माझा हुकूम होता. हे तिने मला फेब्रुवारीत सांगितले. तोवर तिचा रक्तदाब १६०/१०० झाला होता, आणि तो मोजायचे मला सुचले नव्हते. शुश्रूषा करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा, असे मी गेली कित्येक वर्षे याच पानांवर लिहितो आहे.

अण्णांनी मागच्या महिन्यात आपल्या जुन्या सायकलची घंटी काढून मागितली. मी काढून देतो म्हटले तर ऐकेनात. पाना हातात घेऊन खुर्चीत बसले, आणि मी सायकल धरून उभा राहिलो. नट गंजला होता, अर्धा तास लागला. ती घंटी आता त्यांच्या खाटेच्या कठड्याला बसविली आहे. पहिले चार दिवस ती वाजलीच नाही. पाचव्या रात्री अडीचच्या सुमारास वाजली, अगदी हलकेच, एकदाच. पत्नी उठू लागली. मी तिला झोप म्हटले आणि चप्पल शोधू लागलो.